गोड्या पाण्याचा चिखल

कोपरीच्या दामाजी कोळ्याचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: भरती-ओहोटीवर आणि स्वतःच्या नाकावर. माणसांचं म्हणाल, तर सख्ख्या बायकोने दिलेला चहाही तो आधी हुंगायचा. अशा माणसाशी त्याच्या पोराने लपवाछपवी करावी, म्हणजे कमालच.

हितेश एकुलता एक. त्याने जाळ्याला हात लावायचा नाही, हा दामाजीचा हट्ट. खाडी नासली तेव्हा होडी विकून त्याने पोराला शिकवलं, ऑफिसात चिकटवलं आणि आपला पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, पोटमाळ्यावर टाकून दिला. वर अख्ख्या कोळीवाड्याला ऐकवलं, "माझा पोर एसीत बसतो!" ऐकवताना त्याचा पुढचा मोडका दात दिसायचा.

तर या एसीत बसणाऱ्या पोराच्या पँटीला दोन महिने चिखल लागत होता. दामाजीने दोरीवरची पँट ओढून हुंगली. खारा वास नाही. म्हणजे खाडीचा नव्हे, गोड्या पाण्याचा चिखल. सून दक्षताला विचारलं, तर ती "रस्ते खणलेत ना, बाबा" म्हणत आत सटकली. रस्त्याच्या चिखलाला शेवाळाचा वास येतो होय? सूनही सामील आहे, हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

मग शेजारच्या बाबुरावने आगीत तेल ओतलं. "तुझा हितेश त्या नव्या चिनी बागेत दिसला रे. मंगळवारी, भर दुपारी." ऑफिसच्या वेळेत बाग! बाईच असणार, दुसरं काय?

पुढच्या मंगळवारी दामाजी तिकीट काढून बागेत शिरला. पहिला दरवाजाच गोल, आणि त्याला दार नाही. छपरांची टोकं वर वळलेली. तळ्यावरचा पूल वेडावाकडा, कारण पाटीवर लिहिलं होतं, भुतांना म्हणे वळता येत नाही. दामाजीने आयुष्यभर खाडीतल्या भुतांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्यातलं एकही सरळ चाललेलं नव्हतं. तळ्यात हातभर लांबीचे लाल मासे, आणि माणसं त्यांना खाऊ घालत होती. मासे न खाता नुसते पोसणाऱ्यांचा त्याला भरवसा वाटेना.

बांबूंच्या आडोशाला बाकांवर जोडपी बसली होती. दामाजी एकेका पोराचं तोंड वाकून बघायला लागला, तसा वॉचमन मागोमाग आला.

"अंकल, क्या ताक-झाक चालू है?"

"पोराला शोधतोय," दामाजी गुरकावला.

"कितना छोटा है?"

"बत्तीस वर्षांचा हाय."

वॉचमनचा संशय आणखीच वाढला. एवढ्यात मागे पाण्यावर जाळं पडल्याचा आवाज झाला. दामाजी झटकन वळला.

कंबरभर पाण्यात, बागेचा निळा शर्ट घालून, हितेश उभा होता. जाळ्याची शिशाची कड दातांत धरून, कंबर वळवून तो पाग फेकत होता, थेट दामाजीसारखा. दामाजीने त्याला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी भाकरी घेऊन काठावर यायचा, तेव्हाच पोराने बघून घेतलं असणार.

"वो तालाबवाला है," वॉचमन म्हणाला. "चिलापी मछली है ना, लाल मछली के अंडे खा जाती है, वो पकड़ता है. पहले ऑफिस में था बेचारा, ऑफिस बंद हो गया."

दामाजीला राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. बापाला कळू नये म्हणून पोर रोज इस्त्रीचा शर्ट घालून घरून निघत होता आणि इथे चिखलात उतरत होता. आणि ते जाळं तरी कसलं! स्वस्तातलं, फाटकं. पसरायच्या आधीच बुडत होतं.

"मिला आपका लड़का?"

"नाय," दामाजी म्हणाला. "इथं नाय." आणि हितेशने बघायच्या आत तो त्या वेड्यावाकड्या पुलावरून निघून गेला.

घरी बायकोने, सरस्वतीने विचारलं, "काय दिसलं?" "मासे," तो म्हणाला, आणि पोटमाळ्यावर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेश ऑफिसची बॅग घेऊन बाहेर आला. त्याच्या बाइकच्या हँडलला दामाजीचा पाग लटकत होता. शिसं घासलेलं, जाळीची फाटलेली घरं विणलेली. पायरीवर बाप बसला होता.

"शिसं दातांत जोरात दाबू नको," दामाजी म्हणाला. "माझा दात त्यातच गेलाय."