न धुतलेली काठवट

बेआता उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या ओराव्हाइस गावात सून म्हणून आली, तेव्हा सासूने, मार्गेताने, पहिली ताकीद दिली ती मोठ्या काठवटीबद्दल. "हिला पाणी लावायचं नाही. माझ्या सासूनंही कधी लावलं नाही." राय या गव्हासारख्या धान्याच्या आंबट पिठाचा थर लाकडाला धरून वाळायचा आणि पुढच्या खेपेचं पीठ त्यावरच फुगायचं. वर्षातून दोनदा मधे भोक पाडलेले पाव भाजायचे आणि छताखालच्या काठ्यांवर ओवायचे. सगळा हिवाळा त्यावर निघायचा.

अठराशे आठच्या सप्टेंबरात रशियन फौज गावच्या पुलाशी येऊन भिडली. बेआताचा नवरा मोर्टन आपल्या सैन्याच्या गाड्या हाकायला गेला होता. दुपारपर्यंत ओसरी जखमींनी भरली. घरातली तांब्याची पातेली सैन्याने आधीच नेली होती. आपल्या सैन्याच्या डॉक्टरला उकळत्या पाण्यासाठी मोठं भांडं हवं होतं. त्याने काठवटीकडे बोट दाखवलं.

मार्गेता काठवटीवर ओणवी झाली. "आणि हिवाळ्यात आम्ही काय खायचं?"

"आई, उठा."

"तुझ्या माहेरी धूत असतील काठवटी!"

"माझ्या माहेरी माणसाला रक्तात लोळत ठेवत नाहीत. उठा म्हणते ना!"

सासू उठली. बेआताने सुरीने तो वाळका थर खरवडला, फडक्यात बांधला, चोळीत खोचला आणि स्वतःच काठवटीत उकळतं पाणी ओतलं. जखमा धुता धुता ते लाल झालं.

संध्याकाळी आपलं सैन्य हरून उत्तरेकडे निघून गेलं. मागून आलेल्या रशियनांनी काठ्यांवरचे होते नव्हते तेवढे पाव ओढून नेले. गवताखाली लपवलेलं राय धान्याचं एकच पोतं वाचलं.

ते दळून बेआताने पीठ भिजवलं. खरवडलेला थर कोमट पाण्यात कालवून त्यात घातला आणि वर मोर्टनचं मेंढीच्या कातड्याचं पांघरूण टाकलं. हे पीठ वाया गेलं तर दुसरं नव्हतं.

"रक्त प्यालेल्या लाकडात पीठ फुगत नाही," मार्गेता म्हणाली. "मी तर तोंड लावणार नाही."

"नका लावू. चुलीत लाकडं तेवढी सारा."

दुसऱ्या दिवशीही पीठ मढ्यासारखं पडून होतं. बेआताने काठवट ओढत भट्टीजवळ नेली, कोपरापर्यंत हात घालून पुन्हा मळली आणि तिथेच पाठ टेकून बसली. सकाळी कातडं वर उचललं गेलं होतं. खालून ओळखीचा आंबट वास येत होता.

ती पाव थापायला लागली. पहिल्या पावाला भोक पाडायला तिने गाईचं शिंग शोधलं, तर ते मार्गेताच्या हातात.

"सरक तिकडे," मार्गेता म्हणाली. "तुझी भोकं वाकडी पडतात."