दोघांनी काढायचं बूच

भट्टी उघडली, सगळ्या बाटल्यांची बुचं निघाली, एकीचं मात्र हलेना. बाटली गुडघ्यांत धरून पिळलं, लाकडी दांडक्यानं हळूच ठोकलं. ढिम्म.

आमची रीत सांगते. माती वाळताना आणि भाजताना आकसते. हातानं केलेल्या प्रत्येक बाटलीचं तोंड थोडं निराळं होतं. म्हणून बूच त्याच मातीचं, त्याच दिवशी करायचं आणि बाटलीच्या तोंडात बसवूनच भाजायचं. चिकटू नये म्हणून मध्ये पांढरी पूड लावतात. तरी एखादं धरून बसतंच. मग एकानं बाटली धरायची, दुसऱ्यानं बूच फिरवायचं. आमच्याकडे बाटल्या हे करायचे, बुचं मी. धरायचे हे, फिरवायची मी.

या बाटल्या यांच्या हातच्या शेवटच्या. कच्च्या ठेवून गेले. भाजल्या मी एकटीनं. ऑर्डर एका आयटी कंपनीची, परदेशी पाहुण्यांना भेट द्यायला. न्यायला त्यांच्या अॅडमिनची रसिका विश्रांतवाडीला आमच्या शेडवर आली.

"काकू, एक पीस कमी चालेल. मी मॅनेज करते."

"तुम्हाला चालेल हो. मला नाही चालत."

"मग बुचासकट तशीच देऊ? शोपीस म्हणून?"

"पाणी भरता येत नाही त्याला आम्ही बाटली म्हणत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "तुमच्या मदतीला कोणी नाही का?"

साधा प्रश्न होता. सकाळपासून मी कोणाशी बोललेच नव्हते. कालही नाही. फार एकटं वाटलं.

"बसा खाली," मी म्हणाले. "बाटली धरा. मानेला नको, पोटाला."

तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि चांगल्या कपड्यांनिशी मातीत बसली.

"फुटली तर?"

"फुटली तर फुटली." हे मी नुसतं तोंडानं म्हटलं. ही फुटली असती तर मला सोसलं नसतं.

जोर लावला. कर्रकन आवाज झाला आणि बूच हातात आलं. मान शाबूत होती. मला रडूच फुटलं. रसिका बाटली तशीच धरून बसली.

ती बाटलीही मी ऑर्डरमध्ये दिली. वापरायची वस्तू, फळीवर ठेवून काय करायचं?

आता चाकावर मीच बसते. बुचं मुद्दाम जरा सैल करते, एकट्या माणसाला काढता येतील इतकी. थोडं पाणी झिरपतं. बाटली आडवी ठेवू नका, असं गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकते.