नव्वद टक्के झालेला अल्बम

आमच्या हेर्वान्ता उपनगरातल्या बिल्डिंगीत, सगळ्यात वरच्या म्हणजे सातव्या मजल्यावर, यार्को वुओरेला राहतो. वय अठ्ठेचाळीस. नोकरी वाचनालयात, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. पण कुणी विचारलं, काय करतोस, तर सांगणार, मी संगीतकार आहे. हे त्याला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे, जगाला कळायचं बाकी होतं. त्याच्या संगीतात गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत. टेबलभर बटणांची यंत्रं, त्यांच्यातून निघालेलं वायरींचं जंजाळ आणि त्यात हा बसलेला. बहिणीने एकदा त्या टेबलाचा फोटो बघितला आणि म्हणाली, "अरे, लाईटचं काम होईपर्यंत आमच्याकडे जेवायला येत जा."

दर महिन्याच्या एक तारखेला यार्को आपल्या चौतीस श्रोत्यांना नव्या अल्बमच्या प्रगतीचा अहवाल पाठवायचा. चौतिसांतले दोन पत्ते त्याचेच होते, ते सोडा. अहवाल असे: "अल्बम नव्वद टक्के झाला आहे. गेल्या महिन्यात ब्याण्णव होता, पण मध्यंतरी मी सुधारणा केल्या." किंवा: "या महिन्यात एकाच ठोक्यावर मेहनत घेतली. ठोका पूर्वीसारखाच वाजतो, मी मात्र दमलोय." किंवा नुसतंच: "कुणी विचारलेलं नाही, तरी कळवतो की उशीर होईल."

लोकांना हे भारी आवडायचं. औलू गावच्या एका बाईने तर लिहिलं, अल्बम नाही आला तरी चालेल, पण अहवाल बंद करू नका. यार्कोने ते पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. आणखी एकाने अल्बममधला एक तुकडा ऐकून कळवलं होतं, "छान आहे, पण खाली काहीच नाही. तळ कुठाय?" त्याला मात्र यार्कोने उत्तरच दिलं नाही. म्हणे, कान तयार व्हायला वेळ लागतो एकेकाचा!

स्वतःची टिंगल तो आधीच करून मोकळा व्हायचा, कारण दुसऱ्याने केली की लागते. आत धास्ती एकच होती. सहा वर्षं झाली, हा अल्बम पुरा झाला नाही तर आपण संगीतकार कधी नव्हतोच, पुस्तकं लावणारेच होतो. आणि मग लास्सेला घालवला तोही फुकटच घालवला.

लास्से हा त्याचा शाळेतला दोस्त. बेस गिटार, म्हणजे खालच्या जाड सुरांची, वाजवायचा. दोघांची जोडी वीस वर्षांची, जोडीचं नाव 'शिळा बर्फ'. लास्सेच्या बिल्डिंगीखाली बॉम्बपासून लपायची खोली आहे, जाड भिंतींची. युद्ध काही आलं नाही, तेव्हा हे दोघं तिथे जाऊन बसायचे. त्याच खोलीत त्यांनी आठ तुकडे रेकॉर्ड केले. तेवढ्यात यार्कोचा घटस्फोट झाला, तो इथे सातव्या मजल्यावर राहायला आला आणि म्हणाला, "शेवटचा हात फिरवतो. पंधरा दिवसांत अल्बम बाहेर."

घरी ऐकलं तर लास्सेचा बेस नुसता धबधब करत होता. सगळं गढूळ. त्याने लास्सेला बोलावलं, इथेच पुन्हा वाजवायला लावलं. "जरा हलक्या हाताने." लास्सेने वाजवलं. "अजून हलकं." तसंही वाजवलं. "लास्से, तुझा हात जड झालाय." महिनाभर हेच. शेवटी यार्को म्हणाला, "राग मानू नकोस, पण तुझ्याशिवायच बरं वाटतंय." लास्से म्हणाला, "बरं," बेस पेटीत ठेवला, बूट घातले आणि गेला. आमच्याकडे भांडण म्हणतात ते हेच. आवाज चढवायची पद्धत नाही, सहा वर्षं बोलायचं नाही, संपलं.

पुढे लास्से ट्राम चालवायला लागला, तीही नेमकी आमच्याच मार्गावर. तेव्हापासून यार्को आधी केबिनमध्ये कोण आहे ते वाकून बघायचा आणि तो असला की मागच्या दाराने चढायचा. तंगड्या एवढ्या लांब, पण बर्फातून पळत मागचं दार गाठताना दोनदा आपटला.

आता आउनेचं सांगायला हवं. यार्कोच्या खालच्या घरात, सहाव्या मजल्यावर राहते, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेली बाई, जिभेला धार. दर मार्चला बिल्डिंगीतल्या रहिवाशांची सभा भरते, कॉफी आणि वेलदोड्याचे गोड पाव असतात म्हणून सगळे येतात. त्या सभेत आउने दरवर्षी उभी राहायची आणि सांगायची, "छपरावरचा हवा खेचायचा पंखा घुमतो. चोवीस तास घूं घूं घूं. मला झोप नाही."

आणि दरवर्षी यार्को उठायचा. कुणी बोलावलं होतं का याला? पण उठायचा. "मी त्या पंख्याच्या थेट खाली राहतो," म्हणायचा, "आणि माझ्या कानावर माझं पोट आहे." पोट वाचनालयावर होतं, पण असो. "मी शपथेवर सांगतो, इथे काहीही घुमत नाही. गिरणीत काम केलेल्यांच्या कानात अशी गुणगुण राहते, त्यात त्यांचा दोष नाही." लोक माना डोलवायचे. संगीतकाराचा कान, त्याच्यापुढे कोण बोलणार! विषय पुढच्या वर्षावर. असं पाच मार्च चाललं.

यंदा आउने आवाजाची मोजणी करणाऱ्या माणसालाच घेऊन आली. त्याने सभेआधी सगळ्यांना जिन्यात उभं केलं आणि हातातल्या यंत्रावरचा आकडा दाखवला. पंखा घुमत होता, चांगला घुमत होता. यार्को म्हणाला, "यंत्राला काय कळतंय?" जन्मभर यंत्रं वाजवणारा माणूस हे बोलला! कुणी हसलं नाही, पण पंखा बदलायचा ठराव एकमताने पास झाला. एकमताने म्हणजे यार्कोसुद्धा, कारण तोवर त्याच्या ताटलीत दुसरा पाव पडला होता आणि हात वर करून मोकळं व्हावंसं वाटलं.

मे महिन्यात एका मंगळवारी पंखा बदलला. यार्को दुपारी कामावरून आला, टेबलाशी बसला आणि दचकला. खोलीत काहीतरी झालं होतं. सामान सगळं जागेवर होतं. त्याने फ्रिज उघडून बघितला, चालू होता. वायरी तपासल्या. कानात बोट घालून हलवलं, टाळ्या वाजवल्या. मग घाम फुटला. कान गेला! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नव्वद टक्क्यांवर असताना कान गेला! निदान माणसाचा आवाज येतो का बघावं म्हणून तो तसाच, नुसत्या मोज्यांवर खाली धावला आणि आउनेचं दार वाजवलं.

"आउने, माझं बोलणं तुम्हाला ऐकू येतंय?"

"मला येतंय. तुला येतंय का?"

"येतंय. पण घर रिकामं वाटतंय. काहीतरी गेलंय."

"पंखा गेलाय, गाढवा. सकाळी दहाला काढला."

"पण... पंखा वाजतच नव्हता."

आउनेने त्याच्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "तू राहायला आलास त्याच दिवशी तो तुझ्या कानात शिरला आणि तुला घरच्यासारखा झाला. मला कधीच झाला नाही. मागाच्या खडखडाटात मी उभ्या उभ्या झोपले असते, पण ते घूं नको. तुझ्या त्या कानाने माझी पाच वर्षांची झोप खाल्ली, कळलं? कालच्या रात्रीपर्यंत." मग आत गेली आणि ताटलीत पाव घेऊन आली. "घे. आज मी खूश आहे. पण पुन्हा माझ्या कानांबद्दल चार माणसांत बोललास तर बघ."

त्याने तिथल्या तिथे माफी मागायला हवी होती. पण तोंडात पाव होता, आणि गिळून होईपर्यंत दार लागलं.

वर येऊन त्याने अल्बम लावला. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून वाजवावेत तसं वाजत होतं. चौथा लावला, तोही तसाच. खाली काहीच नव्हतं. सहा वर्षं रोज संध्याकाळी तो ऐकत होता तो अल्बम अधिक पंखा. खालचा सूर पंखा धरून होता. त्या सुराला जे जे नडलं ते ते याने काढून टाकलं, सावकाश, निवडून, महिन्याच्या महिन्याला अहवाल देत. हेडफोन लावून एकदा बाहेर बाकावर जाऊन ऐकलं असतं तरी कळलं असतं. पण हेडफोनवर संगीत खोटं वाटतं हे त्याचं ठाम मत होतं, आणि ते मत त्याने अहवालात तीन वेळा मांडलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि नाचणाऱ्याने सोबत्याचा पाय वाकडा म्हणून त्याला हाकलून दिलं होतं. हे लक्षात आलं तसं यार्कोने अल्बम मध्येच बंद केला. अल्बम गेला, त्याचं काय एवढं. लास्सेचा हात जड नव्हता. लास्से बरोबर वाजवत होता.

यार्को काही म्हणजे काही फेकून देत नाही. अल्बमच्या दोनशे बारा आवृत्त्या त्याच्याकडे नंबर घालून ठेवलेल्या होत्या. पहिली, बॉम्बच्या खोलीतली, तीही होती. त्याने बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. एकट्याने ऐकायचा धीर होईना. मग फोन उचलला.

"यार्को बोलतोय."

"नाव दिसतंय," लास्से म्हणाला.

"येतोस का इकडे?"

"कोण गेलं?"

"माणूस कोणी नाही. एक पंखा."

पलीकडे ट्रामची घंटा वाजली. "उद्या तीनला सुटतो मी," लास्से म्हणाला. "घर तेच ना?"

दुसऱ्या दिवशी तो ट्रामवाल्यांच्या निळ्या जाकिटातच आला. जाकीट न काढता खुर्चीवर बसला. केस पांढरे झाले होते. मागच्या दाराने चढणाऱ्याला हे कुठून दिसणार. यार्कोने कॉफी ओतली आणि सगळं सांगितलं, पंखा, आउने, सभा, पाव, काही लपवलं नाही. लास्से ऐकत होता आणि मध्येच छताकडे बघत होता. सांगून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "लाव."

यार्कोने पहिली आवृत्ती लावली.

एक्केचाळीस मिनिटांची होती. वरचं सगळं यार्कोचंच होतं, ओळखीचं. पण खालून लास्सेचा बेस चालत होता, सावकाश, कुठेही घाई नाही, आणि त्याच्यावर सगळं नीट उभं होतं. एक सूर कमी नको, एक जास्त नको. यार्कोला रडूच आलं. अल्बम त्या दिवशीच पुरा झाला होता. नंतरच्या दोनशे अकरा आवृत्त्या म्हणजे याने उभं घर विटा काढून काढून पाडलं होतं, आणि वर चौतीस जणांना बांधकाम कुठवर आलं ते कळवलं होतं.

संपल्यावर त्याने डोळे पुसले आणि हात आपोआप बटणांकडे गेला. "चौथ्यात तो एक ठोका जरा..."

"हात मागे घे," लास्से म्हणाला.

"अरे, एवढासाच..."

"यार्को. हात."

यार्कोने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"आत्ता पाठव सगळ्यांना. मी इथे बसलोय. पाठवल्याशिवाय मी उठत नाही आणि तुलाही उठू देत नाही."

यार्कोने दोघांची नावं टाकली, लास्सेचं आधी. मग बटण दाबलं. सहा वर्षांचं काम जायला चार सेकंद लागले. चौतीस जणांकडे अल्बम पोचला, त्यातले दोन इथेच टेबलावर टिंग टिंग वाजले. कधी नाही ते लास्से हसला, आणि त्या हसण्याने यार्कोला हुरूप आला.

"आता नवा करू," तो म्हणाला. "शनिवारी ये. बेस घेऊन ये."

"विकला," लास्से म्हणाला.

"कधी?"

"त्याच साली, पानं गळायच्या आत."

"पण का? दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलं असतंस. तुला तर कुणीही घेतलं असतं."

"विचारलं होतं दोघातिघांनी." लास्से रागावलेला नव्हता, उद्या हवा कशी असेल ते सांगावं तसा बोलत होता. "नाही म्हटलं. यार्कोचा कान चुकत नाही, यार्को म्हणतो हात जड झालाय म्हणजे झाला असणार. लोकांचं कशाला बिघडवा."

"चुकला," यार्को म्हणाला. "माझा कान चुकला, लास्से. तुझा हात कधीच जड नव्हता. मी चुकलो. मला माफ कर."

लास्सेने कप खाली ठेवला. आपले दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मी वाजवत राहिलो असतो तरी चाललं असतं," तो म्हणाला.