काचेवरचं कुंकू

मी त्या शुक्रवारी चामुंडीचा डोंगर चढलो तो देवीशी भांडायला. हातात नारळ नव्हता, फूल नव्हतं. आदल्या रात्रीपासून तोंडात पाणीही घेतलं नव्हतं, पण तो उपास नव्हता, तो राग होता. आज इतक्या वर्षांनी हे लिहितो आहे कारण घरात कुणालाच मी हे पुरतं सांगितलेलं नाही. दाजींना माहीत आहे, आणि देवीला माहीत आहे. बाकीच्यांना मी भला माणूस वाटतो.

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या घोडदळातलं. घोडी गेली, पागा गेली, खंडेनवमीला पुजायला एक गंजकी तलवार तेवढी राहिली. मी मोटारीचं काम शिकलो आणि लष्कर मोहल्ल्यातल्या एका लॉरीवाल्या धन्याकडे मेस्त्री झालो. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान त्याच धन्याची लॉरी चालवत. हेग्गडदेवनकोटेच्या, आमच्या बोलण्यात नुसत्या कोट्याच्या, जंगलातून लाकूड आणायचं, म्हैसुरात उतरवायचं. त्यांना मी दाजी म्हणतो. कमी बोलणारे, गाडीला जपणारे.

त्या वर्षी आषाढात त्या लॉरीचं इंजिन मी खोललं होतं. तेलाचा पंप झिजलेला होता. नवा पंप मद्रासहून मागवला, आला, फळीवर ठेवला. तो बसवायचा म्हणजे गाडीखाली आडवं होऊन तळाचं तेलाचं भांडं उतरवायचं, अख्ख्या दिवसाचं काम. पावसाची चिकचिक, अंगात आळस. उद्या करू, परवा करू, असं करत इंजिन जोडून मोकळा झालो आणि धन्याला सांगितलं, "बसवला." नवा पंप तेलकट कागदात गुंडाळून जुन्या टायरांमागे सरकवला. वेळ मिळाला की गुपचूप बसवीन म्हटलं. तो वेळ मी काढलाच नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दाजी म्हणाले, "अरे, तेलाच्या दाबाचा काटा पडतोय. गार असताना उभा राहतो, गाडी तापली की शून्याला टेकतो. बघ जरा."

मी बघितलं. पट्टी काढून तेल मोजलं, पुरेसं होतं. मग काट्याला जाणारी तांब्याची नळी सोडवली आणि तापलेलं इंजिन चालू ठेवून बघितलं. काटा खोटा असता तर नळीतून तेलाची धार उडाली असती. तेल थेंब थेंब गळत होतं. काटा खरं बोलत होता, खोटा मी होतो.

दाजींना म्हटलं, "काट्याचंच नाटक आहे. दसरा होऊ दे, बघतो."

दुसऱ्या दिवशी पूजा. आमच्याकडे त्या दिवशी पाने, हातोडे, सगळी हत्यारं पाटावर मांडतात. एकदा हळदकुंकू लागलं की दशमीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाडीलाही झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. धनी दरसाल पूजेनंतर गाडीत बसून इंजिन चालू करून बघत. तो काटा त्यांच्या नाकासमोर. मी वाटीतलं कुंकू तेलात कालवलं आणि काट्याच्या काचेवर असं थापलं की आतलं काही दिसेना. धनी बसले, काचेकडे बघून त्यांनी हात जोडले आणि खाली उतरले. भक्ती बघून खूश झाले माझी.

दशमीची जंबूसवारी, हत्तींची मिरवणूक, झाली. दुसऱ्या दिवशी दाजी कोट्याला गेले. परतताना लाकडं भरलेल्या गाडीचं इंजिन वाटेत आवळून जागच्या जागी बंद पडलं. तेल न पोचल्यानं बेअरिंगांचा धातू वितळून खाली उतरला होता. बैल जुंपून लॉरी म्हैसुरात आणली तेव्हा सगळा मोहल्ला बघायला उभा होता.

धनी कन्नडात ओरडले, "डोळे कुठं गहाण टाकले होतेस? काटा बघायला नको?" दाजी खाली मान घालून उभे. धनी माझ्याकडे वळले. "मेस्त्री, तू लिहून दे. गाडी चांगली होती, चालकानं काट्याकडे बघितलं नाही. शनिवारी पोलिस कचेरीत कागद देतो. याचा परवाना रद्द झालाच पाहिजे. पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावता कामा नये."

मी म्हटलं, "बरं."

दाजींना दुसरं काही येत नव्हतं. परवाना गेला की त्यांचं सगळं गेलं. गुरुवारी अक्का आली, उंबऱ्यावरच उभी राहिली. "अप्पा, तू तरी सांग की धन्यांना. हे घरी गप्प बसून आहेत, जेवण बेड, नको म्हणतात. तुझा शब्द ते ऐकतात." तिचा तो विश्वास बघून मला तिचाच राग आला. म्हटलं, "गाडी चालवणाऱ्यानं बघून चालवायची असते." ती उंबऱ्यावरूनच परत फिरली. रात्रभर मी सगळ्यांवर रागावत राहिलो. धन्यावर, पंपावर, गप्प राहणाऱ्या दाजींवर. मग ते सगळे संपले आणि देवी उरली. कुंकू तुझ्याच पूजेचं होतं ना? मग त्याचा असा उपयोग तू होऊ कसा दिलास? हे विचारायला मी उजाडताच निघालो.

पायऱ्या दणदण चढत वाटेतल्या दगडी नंदीपाशी आलो. तिथे एक म्हातारी बसली होती. नखांत जुना निळा रंग, म्हणजे कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या घरची, आमच्याच मराठी बोलीची. पुढ्यात कुंकवाची वाटी. प्रत्येक पायरीला कुंकू लावत चढण्याचा नवस अनेक बायका करतात, तसाच तिचा. इथवर आली आणि गुडघे संपले.

"ए बाबा," तिनं हाक मारली. "वरच्या पायऱ्यांना तू लाव की."

"मला सवड नाही, अज्जी."

"देवीकडं चाललास आन् सवड नाही? मग कुठं चाललास, कोर्टात?"

मला तिथेही राग आला. पण तिनं वाटी पुढे केली तेव्हा हात आपोआप गेला. वाकलो, पहिल्या पायरीला बोटभर कुंकू फासलं. दुसरीला अजून जास्त, रागानं, लवकर संपावं म्हणून.

मागून ती ओरडली, "थापू नको रे. टिकली एवढंच लाव, कडेला. पायरी दिसायला पाहिजे. मागनं येणाऱ्याचा पाय घसरंल, त्याला काय ठाऊक तू काय झाकलंयस?"

मी वाकलेला तसाच राहिलो. वळून तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही. ती बिचारी पायरीबद्दल बोलत होती, मला ठाऊक आहे. तिला ना लॉरी माहीत, ना काटा. पण माझ्या पाठीतून ते आरपार गेलं. दोन्ही पायऱ्यांवरचं कुंकू उपरण्यानं पुसलं आणि टिकलीएवढं, कडेला लावलं. मग पुढची, मग पुढची. तीनेकशे वेळा वाकलो. राग गेला असं म्हणणार नाही. तो होता, पण प्रत्येक वाकण्याबरोबर देवीवरून सरकत माझ्यावर येत गेला, आणि शेवटी दुसरीकडे जायला त्याला जागा उरली नाही. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा विचारायचं काहीच शिल्लक नव्हतं. एवढंच म्हणालो, "आता तू म्हणशील ते." उतरताना म्हातारी नंदीला टेकून झोपली होती. रिकामी वाटी तिच्या पदरापाशी ठेवली.

आधी दाजींकडे गेलो. सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. कोट्याच्या वाटेवर इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा काच पुसायला बोट उचललं होतं. पूजेचं कुंकू, तेही तू लावलेलं. पुसवलं नाही. तू बघतो म्हणाला होतास ना."

"मग धन्यांना का नाही सांगितलंत?"

"बायकोच्या भावाला पुढं ढकलून परवाना वाचवू होय?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "चहा पिऊन जा. पण आज माझ्याशी बोलू नकोस."

मी टायरांमागून पंप काढला आणि तेलकट कागदासकट धन्याच्या मेजावर ठेवला. जे घडलं ते सांगितलं. त्यांनी मला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात खोटं एकही नव्हतं. कागद कचेरीत गेला नाही. मला म्हणाले, गाडी पुन्हा चालती कर आणि मग तोंड दाखवू नकोस.

बेअरिंगांत नवा धातू ओतून घेतला, घासून बसवला. तेलाच्या वाटा धुऊन काढल्या. जुन्या पंपाची चाकं हातात घेतली तर एकमेकांत खुळखुळत होती. नवा पंप कोरडा बसवायचा नसतो, नाहीतर तो तेल उचलत नाही. त्यात तेल भरून, हातानं फिरवून मग चढवला. दाजी येऊन गाडीत बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी खिशातून रुमाल काढून काच पुसली. इंजिन धडधडलं. काटा थरथरला, चढला आणि उभा राहिला. गाडी तापेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. तो खाली आला नाही.

त्या धन्याकडची चाकरी गेली. पुढे दुसऱ्या ठिकाणी साधा कामगार म्हणून लागलो, आणि देवीनं मला उपाशी ठेवलं नाही. मी वाकायला तयार नव्हतो. तिनं एका म्हातारीच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या निमित्तानं मला वाकवलं, एवढंच मला कळतं.

दाजींनी नंतर स्वतःची गाडी घेतली. दर खंडेनवमीला मी अक्काकडे जातो. कितीतरी वर्षं गाडीला कुंकू ते स्वतः लावत, वाटी माझ्या हाती देत नसत. मी हात जोडून मागे उभा राहायचो. गेल्या नवमीला त्यांनी माळ घातली, नारळ फोडला आणि वाटी माझ्यापुढे धरली. म्हणाले, "लाव."

मी काट्याच्या काचेखालच्या लाकडाला टिकलीएवढं लावलं, कडेला.