सतरा जणांचा ताप

हेडसरांच्या टेबलावर त्या सोमवारी आठवीचे अठरा अर्ज होते, सगळे स्कॉलरशिपच्या बॅचमधले. त्यांतल्या सतरा जणांना ताप आला होता. आंधळगावात साथ नव्हती हो, रोवणा होता. बांधीत धानाची रोपं लावायचे दिवस आले की आमचा अर्धा वर्ग चिखलात. पण इंग्रजीत रजेचा अर्ज पोरांना एकच पाठ, गाइडातला. त्यात ताप आहे, म्हणून सगळ्यांना ताप.

अठरावा अर्ज काजलचा. तिनं लिहिलं होतं, ‘माय मदर हॅड फीवर, सो आय वेन्ट फॉर रोवणा.’

चूक म्हणाल तर माझी. मी तिथं तासिकेवर इंग्रजी शिकवते; स्वतः शिकले ती मुलांच्या पुस्तकांवरून. तेव्हा कंबाइनिंग सेंटेन्सेस चालू होतं. म्हणजे सुटी वाक्यं सो, बिकॉज, बट लावून जोडायची. पाठ केलेलं नको, आपल्या घरचं लिहा, असं मीच बजावलं होतं. ऐकलं एकटीनं.

आणि बॅचमधून नाव तिचंच कमी झालं. बिनपरवानगी गैरहजर.

मी सरांकडे गेले. सर इथलेच, त्यांच्या घरीही धान. म्हटलं, बाकीच्यांची नखं पाहा, चिखल अजून निघाला नाही.

“मले काय दिसत नाही का, बाई? ताप लिहिला तं सही करता येते. रोवण्याची रजा कोणत्या रजिस्टरात आहे, सांगा.”

वर्गात येऊन मी काजलला हळूच म्हटलं, गाइडातला अर्ज उतरवून दे. हे लिहिताना आजही जड जातं.

“पण मले कुठं ताप होता, बाई? आईले होता. आमच्या बांधीत चार जणी येऊन गेल्या. मंग त्यांच्या बांधीत आमच्या घरचं कोणी नको काय?”

आमच्याकडे रोवणा असाच होतो. आज माझ्या बांधीत तू, उद्या तुझ्या बांधीत मी.

मग मी वर्गाला सगळं सांगितलं. म्हटलं, ज्याला वाटेल त्यानं खरं कारण जोडून लिहा, नाही वाटलं तर राहू द्या. मागून पायल म्हणाली, “बाई, नाव आमचंही जाईन.” जाऊ शकतं, म्हटलं. खोटं कशाला सांगू? मग पायलनंच वही उघडली.

पंधरा वह्या आल्या. उरलेल्या दोघांना, नंतर कळलं, खरंच ताप होता.

हेडसरांनी सगळ्या वाचल्या. काही स्पेलिंगांना हसलेही. मग यादी ओढली आणि काजलचं नाव परत लिहिलं.

“एवढे काढले तं बॅच काय भिंतीले शिकवू?”

तेव्हापासून एक समजलंय. शाळेच्या ऑफिसात खरं चालतं. फक्त ते एकटं पाठवू नये.