टकिला बारमधलं स्थळ

हॉटेल चालवणाऱ्यांच्या घरी रोज दोन गोष्टी उरतात, थोडं जेवण आणि एखादा किस्सा. जेवण दुसऱ्या दिवशी टाकून द्यावं लागतं. किस्से मात्र टिकतात, आणि माझ्याकडे ते इतके साठलेत की मी कुणाकडे गेले तर लोक पाणी द्यायच्या आधी विचारतात, "मग, काय म्हणते तुमचं मेक्सिको?"

आमचं मेक्सिको अमरावतीत आहे. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माझा नवरा सुहास बरीच वर्षं जहाजाच्या किचनमध्ये होता. परत आला तो डोक्यात मेक्सिकन रेस्टॉरंट आणि टकिला बार घेऊनच. नाव ठेवलं 'निवडुंग'. माझ्या अकोल्याच्या मावशीने पाटी वाचली आणि म्हणाली, "लोकं दारात तुळस लावतात माय, तुमी हे काय लावलं?"

मी काउंटरला बसते. सगळे मला वहिनी म्हणतात. बार माझ्या अगदी समोर असल्यामुळे मला सगळं दिसतं आणि सगळं ऐकू येतं. ऐकू येऊ नये तेसुद्धा.

*

सुरुवातीच्या दिवसांत चांदूर रेल्वेचं एक कुटुंब आलं. त्यांनी बरीटो मागवला. बरीटो म्हणजे मोठ्या पोळीत भात, राजमा, भाज्या, चीज भरून केलेली घट्ट गुंडाळी. घरातल्या काकांनी ती प्लेटमध्ये सावकाश उलगडली. पोळी एका बाजूला, भात एका बाजूला, राजमा वेगळा. मग भातावर राजमा घेऊन शिस्तीत कालवायला लागले.

सुहास किचनच्या खिडकीतून बघत होता. त्याला राहवेना. बाहेर येऊन म्हणाला, "काका, हे असं हातात धरून खायचं असतं."

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊ, गाठोडं सोडल्याबिगर आत काय हाय ते कसं समजन?" मग दोन घास खाऊन झाल्यावर जरा मायेने म्हणाले, "चव चांगली हाय. पुढच्या खेपेले बांधू नका. तुमची मेहनत वाचन न आमची बी."

आमच्या मेनूवर तेव्हापासून 'खुला बरीटो' आहे. सुहास त्याच्याकडे बघत नाही, पण सगळ्यात जास्त तोच खपतो.

*

सुहासची दुसरी हौस म्हणजे तिखटाची. हालापेन्यो मिरचीच्या पदार्थांपुढे त्याने मेनूवर तीन-तीन लाल मिरच्या छापल्या होत्या. म्हणजे जपून खा.

मोर्शीचे बबनराव आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. संत्र्याची बाग आहे, अमरावतीला काम निघालं की आमच्याकडे हमखास चक्कर. त्यांनी तीन मिरच्यांचा पदार्थ मागवला. सुहासने स्वतः जाऊन बजावलं, "भाऊ, सांभाळून. पाणी जवळ ठेवा."

बबनरावांनी प्लेट संपवली. पाण्याला हात लावला नाही. सुहासला बोलावून हळूच विचारलं, "या मिरचीले काही झालं होतं काय?"

"का हो?"

"नाही, बिमार असल्यावानी लागली."

पुढच्या वेळी मेनू छापून आला तेव्हा त्यावरच्या मिरच्या गायब होत्या. मीही विषय काढला नाही. संसारात काही गोष्टी न बोलता सोडून द्याव्यात.

*

आता गजानन. तो आमचा बारमन. तेल्हाऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. पुण्यात हे काम शिकून आलेला, तिशी ओलांडलेला, अंगाने किडकिडीत आणि बोलायला अगदी हळू. गिऱ्हाइकाला एकेका बाटलीबद्दल तो असं समजावून सांगतो की ऐकणारा ग्लास हातातच धरून ठेवतो.

एकदा त्याच्याच भागातले दोन शेतकरी बारवर बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "हे टकिला कायची करतेत?"

गजाननने मोबाइलवर झाडाचा फोटो दाखवला. जमिनीतून वर आलेली लांब, टोकदार, काटेरी पानं.

"हे त घायपात होय! आमच्या वावराच्या धुऱ्यावर चिक्कार हाय."

"त्याच जातीचं आहे दादा. तिकडे त्याच्या बुंध्यातल्या गाभ्यापासून दारू काढतात."

दोघे बराच वेळ फोटो बघत बसले. मग त्यातला वयस्कर होता तो खिन्नपणे म्हणाला, "न आमी पिढ्यान् पिढ्या त्याचे दोर वळून राहिलो."

*

या गजाननचं लग्न जमत नव्हतं, आणि हे आमच्या सगळ्यांच्या जिवाला लागलं होतं.

आधी तो शेती करत होता तेव्हा मुलीकडचे म्हणायचे, शेतीवाला नको, नोकरीवाला पाहिजे. म्हणून तो काम शिकला, नोकरी धरली. मग ते म्हणायला लागले, नोकरी पाहिजे होती, पण दारूच्या दुकानातली नाही. सुहासने त्याला सुचवलं, "बारमन कशाला सांगतोस? बेव्हरेज मॅनेजर सांग." गजाननने तसं सांगून पाहिलं, तर एका मुलीच्या आत्याने विचारलं, "शरबत विकते काय तो?"

त्यानंतर गजानन बारमन असंच सांगायचा. "खोटं बोलून सुरुवात काहून करा लागते वहिनी?" असं मला म्हणाला होता. मला त्याचं कौतुक वाटलं आणि रागही आला. थोडं इकडेतिकडे बोलल्याशिवाय कुणाची लग्नं होतात?

आणि गंमत म्हणजे गजानन स्वतः थेंबही घेत नाही. वास घेऊन सांगतो की लिंबू जास्त पडलं. घशाखाली कधी गेली नाही. हे आम्हाला माहीत होतं. ते पाहुण्यांना पटवायचं कसं, हा प्रश्न होता.

*

आमच्या वऱ्हाडात मुलाची चौकशी उघड होत नाही. मुलीचा मामा नाहीतर काका गुपचूप येतो, गिऱ्हाईक होऊन बसतो आणि मुलगा पारखून जातो. एका स्थळाचे असेच मामा आले. आम्हाला कुणालाच पत्ता नाही. त्यांनी एक पेग घेतला, दुसरा घेतला आणि गजाननला म्हणाले, "एक तू बी घे."

"मी घेत नाही साहेब."

"माह्याकडून घे. कोनी नाही पाहत."

"खरंच घेत नाही. कधीच घेतली नाही."

मामा बराच वेळ आग्रह करत राहिले आणि गजानन हात जोडून नाही म्हणत राहिला. चार दिवसांनी नकार आला. कारण विचारलं तर मध्यस्थाने सांगितलं, "मामा म्हणते, पोट्टा लय खोटारडा हाय. टकिलाच्या दुकानात उभा राहते, न म्हणते कधी घेतलीच नाही."

*

त्यानंतर आम्ही सावध झालो. एकटा आलेला, पन्नाशीतला, इकडेतिकडे बारीक नजरेने बघणारा माणूस दिसला की वेटर मला खूण करायचा, मी सुहासला खूण करायची.

एका दुपारी असाच एक माणूस आला. पांढरा शर्ट, हातात पिशवी. खुर्चीत बसायच्या आधी त्याने छत पाहिलं, भिंती पाहिल्या, किचनच्या दारात डोकावला, मग गजाननकडे पाहिलं. आमची खात्री पटली. सुहासने त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं. एन्चिलाडा आला, नाचोज आले, पाठोपाठ संत्र्याचा रस. तो काही म्हणायला गेला की सुहास म्हणायचा, "आधी जेवा, मग बोलू." वेटर येता-जाता त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणत होता, "गजाननभाऊसारखा मानूस नाही." मीही काउंटर सोडून गेले आणि सांगितलं की घरची शेती ओलिताची आहे, आई स्वभावाने गरीब आहे.

त्याने सगळं निवांत ऐकलं, सगळं खाल्लं, हात पुसले आणि म्हणाला, "मी आग विझवाच्या नळकांड्या तपासाले आलो होतो."

उठता उठता त्याने गजाननकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "पोरगा चांगला हाय. पन मले पोरगी नाही. दोन पोरंच हायत, न त्यायचंबी जमून नाही राहिलं."

*

यानंतर गजानन थकला. त्याने आईला शब्द दिला की आता एकच स्थळ पाहायचं. तेही फिस्कटलं तर बार सोडून द्यायचा, कुठेतरी गोडाऊनवर नाहीतर पेट्रोल पंपावर लागायचं. हे मला सांगताना तो ग्लास पुसत होता, आणि जे काम त्याला मनापासून आवडतं ते हातातून जाणार म्हणून मला फार वाईट वाटलं. मी रात्रभर सुहासशी त्यावरच बोलत राहिले.

हे शेवटचं स्थळ माझ्या मावशीने आणलेलं. अकोल्याची मुलगी, नाव प्रणाली, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. वडील तयार होते. मामा मात्र अडून बसले होते, की मी स्वतः जाऊन पाहीन, मगच पुढे बोलायचं. आम्ही मामांची वाट बघत होतो. एका संध्याकाळी बबनराव आणि त्यांचे मित्र एका टेबलावर गप्पा मारत बसले होते, गजानन त्यांच्यासाठी मार्गारिटा, म्हणजे टकिला-लिंबाचं कॉकटेल, ग्लासांत भरत होता, आणि दारातून एक मुलगी आत आली. सरळ बारसमोरच्या उंच खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर घेतली.

"मी प्रणाली. मामा उद्या येनार होते. मी म्हटलं, मीच जाते."

गजाननचा चेहरा उतरला. मी उठणार होते, पण सुहासने माझा हात धरला.

"पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली.

गजाननने सांगितलं.

"शिक्षण?"

तेही सांगितलं.

"स्वयंपाक येते?"

"वरण-भात, भाजी येते. भाकर वाकडी होते."

"दारू घेता?"

"नाही."

"हे सगळेच म्हनतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले पाहाले आले त्या लोकायनं सगळं विचारलं. गाणं म्हनाले लावलं. एका ठिकानी त चालून दाखव म्हने, पाय बरोबर हायत का नाही ते पाहतो. मी चालली. आता तुमी चालून दाखवा."

गजानन बारच्या मागून बाहेर आला. भरलेल्या मार्गारिटांचा ट्रे त्याने एका हातावर उचलला. ग्लास काठोकाठ होते. तो तिच्या खुर्चीपासून दारापर्यंत गेला, वळला आणि परत आला. ना घाई, ना पाय अडखळला. तिने एकेका ग्लासाखाली वाकून पाहिलं. ट्रे कोरडा होता.

मग तिने पर्समधून फोन काढला. "बाबा, मामाले सांगा, उद्या येऊ नका. मी पाहून घेतलं. मले पसंत हाय."

फोन ठेवून ती गजाननकडे वळली आणि पाहायला आलेले लोक शेवटी मुलीला म्हणतात तसं म्हणाली, "तुमाले काही विचाराचं असन त विचारा."

गजाननच्या हातावर ट्रे तसाच होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बबनरावांच्या टेबलाकडे.

"हे तिकडे देऊन येऊ काय पहिले?"