चपला दारातच होत्या

मंडळी, आज दिघोरीला मामीकडे गेलो. शेतात लाखोरीच्या कोवळ्या शेंगा तोडताना दर पाच मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ पाहत होतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमधून इथं यायचो, तेव्हा बाबांचंही हेच. सकाळी फॅक्टरीत ड्युटी, म्हणून शेवटच्या एसटीसाठी नुसती तगमग. मामी गुपचूप त्यांच्या चपला धानाच्या कोठीमागे लपवायची. "काहून घाई करून राहिले भाऊजी? पोराइले शेंगा त तोडू द्या!" एसटी चुकायची. आम्हाला आणखी एक रात्र मिळायची.

आज निघताना मी मुद्दामच कोठीमागे डोकावलो.

मामी म्हणाली, "दारातच हायेत. तुले उशीर होऊन राहिला ना?"

चपला होत्या. रस्त्याकडे तोंड करून, तिनंच नीट लावलेल्या.

घरी आलोय, पण चैन पडत नाही. तुमच्या चपला शेवटच्या कोणी लपवल्या होत्या?